परातीतला जिल्हा

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात उदगीरच्या एका भांड्यांच्या दुकानात मी राजा होतो. शिवाय राक्षस, पुजारी, वेशीवरचा पहारेकरी आणि एक भांडकुदळ म्हातारीसुद्धा मीच! हा खेळ पुण्याच्या भाच्यानं शिकवलेला. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलतात. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आम्ही तो परातीत टाकायचो. पराती भरपूर पडून होत्या, कारण दुष्काळात लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती.

दुकान माझ्या मित्राचं. तो योद्धा, त्याची बायको चोर, आणि शाळेतले भूगोलाचे सर वैद्य. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून बसायचो.

भाच्यानं एकच गोष्ट बजावली होती: सूत्रधारानं अडून बसायचं नाही. खेळणारे आडरानात शिरले तर तिथं वाट करायची. मी आठवडाभर राक्षसाची गुहा रचली, तर मंडळी गुहेकडं पाठ करून गावच्या विहिरीचा गाळ काढायला गेली. मग काय, राक्षस विहिरीत! गाळातून त्याचं शिंग वर आलं तेव्हा सरांच्या हातातला चहा सांडला. असा मी वाकायला तयार. तेच पुढं अंगावर आलं.

एका रविवारी मित्र म्हणाला, "ही गोष्ट संपली की दुकान आवरतो. मेहुणा पुण्याला बोलवून राहिला."

"अन् मधातच गेलास तर?"

"मधात कसं? योद्ध्याला वाऱ्यावर सोडू का?"

झालं! मी गोष्ट संपूच देईना. खजिना सापडला की नकाशा खोटा, राक्षस मेला की त्याचा थोरला भाऊ हजर. मित्राचा जीव नव्या जिल्ह्यात अडकलेला. उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर येणार, बदलीवर आलेल्या साहेबांना संसार मांडायला भांडी लागणार, हे तो वर्षानुवर्षं सांगायचा. मी गोष्ट तिकडं वळवली. राजानं योद्ध्याच्या गावाला जिल्हा करून टाकलं. बांधा कचेरी, पाडा तालुके! मित्र रंगला. हद्दी आखून आखून सर घामाघूम.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

"भाऊजी, परातीत जिल्हा झाला. घरी टँकर आला न्हाई."

"येईल की, वहिनी."

"तुम्ही गोष्ट लांबवून राहिलात. मला कळत न्हाई व्हय?"

मी राजासारखा खाकरलो. त्या मात्र चोराचा आवाज सोडून आपल्याच आवाजात बोलल्या, "राजाला माझी विनंती हाय. माझ्या नवऱ्याला दूरच्या मुलखात चाकरी द्या, आम्हाला जाऊ द्या. काय म्हणतो राजा?"

"राजा म्हणतो, फासा टाका. मोठा आकडा पाहिजे."

फासा खणखणत फिरला आणि तीनवर बसला. मी मनातल्या मनात नाचलो. हरल्या वहिनी! आता नियमच अडवणार होता, मला वाईट व्हायची गरजच नव्हती. टाळीसाठी मित्रापुढं हात केला. त्यानं तो पाहिलाच नाही. पोरीचं जुळत आलेलं लग्न मोडल्यावर बाप बसतो, तसा तो परातीकडं बघत बसला होता.

मी आजवर समजत होतो, जायचंय ते एकट्या वहिनींना.

"राजा खुश झाला," मी म्हणालो. "निघा."

सर उसळले. "अहो, तीन पडलेत! काही नियम हाय का न्हाई?"

"राजा मी हाय, सर."

मित्रानं मान वर केली. "रस्त्यानं पाणी लागतं का?"

"लागतं. लई लागतं."

मी दोन घोडी आणली, त्यांच्यावर सामान लादलं, दोघांना नदीपर्यंत पोचवलं. नदी मी अगदी दुथडी भरून सांगितली, हातवारे करून, लाटांच्या आवाजासकट. सरांच्या वैद्याला पलीकडं जायचं होतं. त्याला मी नाव मिळू दिली नाही. कुणीतरी माझ्यापाशी राहायला पाहिजे होतं.