आठ ओळींची राणी आणि आमच्या रूथबाई

शारजाच्या रोल्ला बाजारात लेकीच्या ड्रेससाठी कापड घेत होते, तेव्हा विनयचा फोन आला. "शबानाताई, मम्मी गेली... सकाळी, झोपेतच." दुकानदार कापड ताणून धरून विचारत होता, "मॅडम, कितना मीटर? यल्ला, बोलो!" आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की उद्या पाच वाजता अलीनाचा क्लास आहे आणि तिने रियाज केलेला नाही. आता सहा आठवडे झाले, तरी पाच वाजले की मी दचकते.

रूथबाई मूळच्या अहमदनगरच्या, मुलगा विनय याच्याबरोबर इथे आखातात, अल कुसैसला आलेल्या. मी रत्नागिरीची. आमच्या दोन फ्लॅटांमध्ये एकच भिंत, तीही पापडासारखी. नऊ वर्षांपूर्वी चार वर्षांची अलीना दुपारी झोपली, की पलीकडे कीबोर्ड सुरू व्हायचा. एक दिवस मी तावातावाने भांडायला गेले आणि तासाभराने लेकीचा क्लास ठरवून परत आले. आमचे हे अजून विचारतात, "नक्की जिंकलं कोण?"

त्या कीबोर्डवर एका गुबगुबीत गोऱ्या बाईची तसबीर होती. कुरळे केस, गळ्याशी ढीगभर लेस. मी विचारलं, "तुमच्या नात्यातल्या का?" रूथबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. ती डोरोथेआ. पुढे घराण्याचं लांबलचक शेपूट आहे, ते मला कधी जमलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीची जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाची राणी. नवरा गेला, गादीचा वारस पाळण्यात, म्हणून कारभार हिने हाती घेतला. दिवसा दरबारातल्या म्हाताऱ्यांशी भांडायची आणि उरलेल्या वेळात देवासाठी गाणी रचायची. "अगं, ते राज्य आज नकाशात सापडत नाही," रूथबाई म्हणायच्या, "पण तिच्या आठ ओळी नगरला माझी आजी भाकरी थापताना गुणगुणायची. नाव कुणाचं राहिलं, सांग!" त्यांच्या क्लासचा नियमच होता. आधी रचणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग बोट ठेवायचं. अलीना कुरकुरायची, "अम्मी, शी इज सो स्ट्रिक्ट!" पण नाव घ्यायची.

शारजातल्या चर्चमध्ये मराठी मंडळींची शुक्रवारी उपासना असते. एकदा नाताळाला रूथबाईंनी आम्हाला नेलं. गाण्यांचे कागद वाटले गेले, तर डोरोथेआच्या गाण्याखाली छापलेलं, 'चाल: पारंपरिक'. झालं! बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि रांगेरांगेतून फिरत चाळीस कागद दुरुस्त केले. पाळकसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "बाई, उपासना थांबलीय." त्या मान वर न करता म्हणाल्या, "तीनशे वर्षं टिकलीय ती. तुमच्या झेरॉक्स मशीनमध्ये मरू देणार नाही."

याच बाईंनी त्या गाण्याला नवे मराठी शब्द दिले. माझ्याच स्वयंपाकघरात, मी घावणे घालत असताना. जुन्या शब्दांत जीव नाही म्हणायच्या. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, 'सागर खवळो, दीप विझो, तुझा हात माझ्या हाती.' मी तव्यावरून म्हटलं, "बाई, घाबरलेला माणूस सागर म्हणत नाही. आमच्याकडे दर्या म्हणतात." त्यांनी सागर खोडला, दर्या लिहिला आणि दोनदा गाऊन पाहिलं. "नगरच्या बाईला समुद्र काय कळणार!" म्हणून पहिला घावणा त्यांनीच उचलला. मी म्हटलं, "खाली तुमचं नाव घाला." तर म्हणाल्या, "छे गं, मी नुसतं मराठीत आणलं. गाणं तिचं आहे." आणि कागद तसाच, नाव न घालता चर्चला दिला.

त्यांच्यासाठी ठेवलेल्या प्रार्थनासभेत तेच गाणं होतं. कागद हातात आला. 'चाल: डोरोथेआ', ठळक अक्षरात. एवढ्या वर्षांत मंडळी शिकली होती. आणि त्याखाली, 'मराठी शब्द: अज्ञात'.

जिने सातासमुद्रापलीकडच्या मेलेल्या बाईचं नाव पुसू दिलं नाही, तिचंच नाव तिच्याच सभेत पुसलेलं! विनयला ठाऊक नव्हतं, तो तेव्हा ऑफिसात असायचा. ठाऊक फक्त मला. मी मागच्या रांगेत, डोक्यावर ओढणी, परक्यांच्या देवघरात पाहुणी. बोलावं की नाही... अलीनाने मला कोपराने ढोसलं. "अम्मी, से समथिंग!"

मी उठले. पर्समध्ये पेन होतं. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली, दुसऱ्या बाजूने अलीना. पाळकसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, सभा सुरू करायचीय. आणि हे नक्की बाईंचंच कशावरून?" मी म्हटलं, "कारण त्यातला दर्या माझा आहे. माझ्या तव्याशेजारी घेतलाय त्यांनी." मग विनय रडता रडता हसायला लागला. "अंकल, सॉरी, थांबावं लागेल. मम्मी असती तरी थांबावंच लागलं असतं!" सगळं चर्च हसलं. शेवटी पाळकसाहेबांनीच स्वतःचं पेन उघडलं आणि उरलेली रांग घेतली. मग ते गाणं जे उचललं सगळ्यांनी... मला गाता येत नाही, तरी 'दर्या' मी मोठ्याने म्हटला.

कीबोर्ड आता आमच्याकडे आहे. तसबीरही. अलीना बसली की आधी म्हणते, "डोरोथेआ. अँड रूथबाई, फ्रॉम अहमदनगर," आणि मगच बोट ठेवते. परवा धूळ पुसताना तिचा सभेतला कागद दिसला, तसबिरीला टेकवलेला. 'अज्ञात' खोडून माझ्या अक्षरात रूथबाईंचं नाव. आणि त्याखाली, ज्या पोरीला मराठी लिही म्हणून मी आठ वर्षं ओरडतेय, तिच्या वाकड्यातिकड्या मराठीत आणखी एक ओळ होती. 'दर्या: शबाना, रत्नागिरी.'

मला लाज वाटली. एका शब्दाचं काय एवढं! खोडायला पेन उचललं. समोर राणी बघत होती, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी जोरात "शबाना!" म्हणून दटावेल असं वाटलं.

पेन ठेवून दिलं.