उपड्या कपाखालचं बिस्किट

आमच्या बॅचमध्ये तिला सगळे बातमीदार म्हणायचे. माझी रूममेट. तिच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. डॉक्टरकी शिकायला आम्ही परदेशात आलो त्याच आठवड्यात तिने ब्लॉग सुरू केला, आणि तेव्हापासून आमच्या खोलीत दूध उतू गेलं तरी तिकडून माझ्या मावशीचा फोन यायचा, "गॅसकडे लक्ष ठेवत जा गं." मला संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, लिहायची छान. मुडदा पहिल्यांदा कापायचा होता तेव्हा आमच्यातला सगळ्यात धिप्पाड मुलगा कसा आडवा झाला, घरची आठवण आली की ही बाथरूमचा नळ सोडून कशी रडते, हे वाचताना हसू यायचं आणि मग घरी फोन लावावासा वाटायचा.

पुढे आम्हाला वॉर्ड मिळाला आणि ती पेशंटबद्दल लिहायला लागली. हे बरं नाही, मी तिला सांगून पाहिलं.

"नाव कुठे लिहिते मी?" ती म्हणायची. "धंदा बदलते, खाट बदलते. आणि इथे मराठी वाचणारं आहे कोण?"

होते ना. तिनेच शोधून काढले होते. खिडकीजवळच्या खाटेवरचे ड्रायव्हरकाका. जन्मभर याच शहरात बस चालवली, आता पोटदुखीने दाखल झालेले. त्यांची बायको रोज भेटीच्या वेळेला यायची. दोघं आपसात मराठीत बोलताना हिने ऐकलं आणि झालं, लगेच ते हिचे काका-काकू झाले. मूलबाळ नव्हतं त्यांना. काका मोठे मिस्कील. डॉक्टरांचा घोळका खाटेभोवती जमला की गंभीर चेहऱ्याने मराठीत म्हणायचे, "दारात उभे राहू नका, पुढे सरका." हसू फक्त आम्हा दोघींना फुटायचं आणि बोलणीही आम्हीच खायचो.

काकूंना आपल्या भाषेतलं वाचायला मिळत नाही म्हणून हिने स्वतःच्या हाताने त्यांच्या फोनवर ब्लॉग लावून दिला. नवीन काही लिहिलं की त्यांच्याकडे आपोआप यायचं. काकू मोठ्याने वाचायच्या आणि काका डोळे मिटून ऐकायचे.

एका शुक्रवारी काकांचा रिपोर्ट आला. कॅन्सर सगळीकडे पसरला होता. सोमवारी काकूंना शेजारी बसवून मी स्वतः सांगेन, तोवर विद्यार्थ्यांनी तोंड उघडायचं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं. बातमीदारने नाही उघडलं. शनिवारभर वॉर्डात खाली मान घालून फिरली, खोलीवर येऊन न जेवता झोपली आणि रविवारी सकाळी उठून ब्लॉग लिहिला. तो काकूंच्या फोनवर जाणार, हे ती साफ विसरली. असं कसं कोणी विसरेल, असं मलाही वाटलं होतं. पण तिच्या मनात ब्लॉग वाचणारी माणसं म्हणजे घरची, लांबची. रोज जिची नाडी बघतो त्या खाटेवरची नव्हेत.

दुपारी भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा आम्ही रक्तदाबाचं मशीन ढकलत वॉर्डात शिरलो. काकांच्या खाटेचा पडदा अर्धा ओढलेला होता. आतून काकूंचा वाचण्याचा आवाज येत होता.

"'...दुपारच्या चहाबरोबर शिंपीकाकांना दोन बिस्किटं मिळतात. एक ते खातात आणि दुसरं उपड्या कपाखाली झाकून ठेवतात, काकू येतील तेव्हा...'"

काकू थांबल्या. बसवाल्याचा शिंपी केला होता हिने, पण बिस्किट तसंच ठेवलं होतं.

"पुढे?" काकांचा आवाज.

"'मग रिपोर्ट आला,'" काकू वाचायला लागल्या, अगदी सावकाश. "'रिपोर्ट चांगला होता. गुरुवारी काकांना घरी सोडलं. दारापाशी गेल्यावर कळलं की काकू चावी आतच विसरल्यात. मग दोघं पायरीवर बसून राहिले. ऊन होतं. काका म्हणाले, घाई काय आहे...'"

बातमीदारने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "हे मी लिहिलेलं नाही," ती पुटपुटली. मी खिशातून फोन काढून ब्लॉग उघडला. बिस्किटाच्या पुढे तिने लिहिलं होतं, 'काकांच्या हातात आता फार तर दोन-तीन महिने आहेत. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यांना नाही.'

आत काका म्हणाले, "आज बरं लिहिलंय पोरीने. शेवट मात्र तिचा वाटत नाही." मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना आम्ही दिसलो. "ये गं. तूच वाच."

काकूंनी फोन छातीशी धरला. "वाचून झालंय हो माझं."

"द्या तिला."

"काका, उद्या मोठे डॉक्टर..." मी मध्ये तोंड घातलं.

"तुला नाही विचारलं," काका म्हणाले. रागाने नाही.

ती स्टुलावर बसली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर पळेल, निदान काकूंसारखं काहीतरी रचून सांगेल. तिने तसलं काही केलं नाही. जे लिहिलं होतं ते एक शब्द न गाळता वाचलं. तिचा आवाज चिरका झाला होता. शेवटची ओळ होती, 'आज मला त्यांच्याकडे बघून हसायचं आहे आणि त्याचीच मला भीती वाटते.'

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आल्यापासून एकदाही हसली नाहीस."

त्यांनी कप उचलला आणि खालचं बिस्किट काकूंपुढे धरलं. "खा." काकूंनी ते खाल्लं. खाताना त्या फक्त त्यांच्याकडे बघत होत्या.

सोमवारी बातमीदारने मोठ्या डॉक्टरांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. कॉलेजने शिक्षा म्हणून तिचं एक वर्ष बुडवलं. ब्लॉग तिने आधीच पुसून टाकला होता. मी तिला फाडफाड बोलले आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. त्या माणसाला हे नीट, बायकोचा हात हातात घेऊन ऐकायला मिळायला हवं होतं. तो हक्क हिने घालवला. आमच्या खोलीत मग फार शांतता असायची. दूध उतू गेलं तरी मावशीचा फोन येत नसे.

काका दोन महिनेही काढू शकले नाहीत. घरी गेलेच नाहीत ते.

त्यांच्या चपला आणि दाढीचं सामान न्यायला काकू आल्या, तेव्हा आमच्या खोलीवरही आल्या. बातमीदार भिंतीला टेकून उभी राहिली. आता शिव्या खायच्या, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या, चपलांची पिशवी मांडीवर घेऊन.

"त्या दिवशी मी काहीतरी वाचलं होतं ना," त्या म्हणाल्या. "आम्ही घरी जातो ते. तोंडाला येईल ते बोलत गेले बघ. आता किती आठवून बघते, आठवतच नाही. तू पडद्याआड होतीस. तुझ्या लक्षात असेल."

बातमीदारच्या लक्षात होतं. ती खाली फरशीवर, त्यांच्या पायाशी बसली.

"गुरुवारी काकांना घरी सोडलं," तिने सुरुवात केली. "दारापाशी गेल्यावर कळलं की काकू चावी आतच विसरल्यात."

"विसरतेच मी," काकू म्हणाल्या. "मग?"