आत्याची डच

माझ्या आत्याला ‘नको’ म्हणणारा माणूस आमच्या राहाता गावात जन्मला नव्हता. जन्मला असता तर तिनं त्याला परत पाठवला असता. ती मिशनच्या शाळेत शिकलेली, मुलींच्या शाळेवर मास्तरीण. बेचाळीसची धरपकड सुरू झाली आणि तिनं जाहीर केलं, सरकार जाईपर्यंत तोंडातून इंग्रजी शब्द काढणार नाही. तेव्हापासून आमच्या घरी स्टेशन म्हणजे ‘गाडी थांबते ती जागा’ झालं.

नेमकी त्याच सुमारास साखर कारखान्यावरच्या इंजिनिअरची बायको आमच्या दारात आली. ती डच. नवरा कामासाठी जावा बेटावर गेला तो लढाईत जपान्यांच्या कैदेत अडकला. ही बंगल्यात एकटी. तिला डच आणि इंग्रजी, एवढंच येई. गावात इंग्रजी बोलणारी बाई एकच, आणि तिची ही शपथ! माझ्या वडिलांकरवी आत्यानं तिला सांगितलं, “माझ्याशी बोलायचं तर तुझ्या घरची भाषा बोल. साहेबाची नको.”

मग रोज शाळा सुटली की आत्या बंगल्यावर. आधी ती प्रश्न शिकली. आपले प्रश्न ‘क’नं सुरू होतात, तसे तिचे ‘व’नं: वी, वात, वार, वारोम. त्यात ‘वी’ म्हणजे कोण आणि ‘हू’ म्हणजे कसं! इंग्रजीची ही उलथापालथ पाहून आत्याला स्वराज्य आल्याचा आनंद झाला. मात्र ‘वार वोंट ऊ?’, म्हणजे ‘कुठे राहता तुम्ही?’, यात क्रियापद कर्त्याच्या पुढे घुसतं, हे तिला खपेना. “आपल्यात क्रियापद सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसतं. याला काही रीतभात?” बाईनं समजावलं, ‘ओमदात’, म्हणजे ‘कारण’, म्हटलं की क्रियापद गुमान शेवटी जातं. तेव्हापासून आत्या प्रत्येक गोष्टीचं कारण देऊ लागली. एरवी तिनं जन्मात कुणाला कारण दिलं नव्हतं.

एके दिवशी फौजदार आले. “बाई, तुमी बंगल्यावर जर्मन बोलता अशी खबर हाय. लढाईचे दिस हायेत. जाणं बंद करा.”

“जर्मन नाही, डच. आणि मी जाणार.”

“पर कशापायी?”

आत्या ताठ उभी राहिली. “ओमदात झे अलेन इस!”

फौजदार चपापून मागं सरले. मग तिनंच मराठीत सांगितलं, “कारण ती एकटी आहे. बघा, क्रियापद कसं जागेवर आलं!”

शाळेच्या कमिटीनं बजावलं, शाळा नाहीतर बंगला. आत्यानं शाळा सोडली, आणि आडवाटेनं न जाता भर बाजारातून बंगल्यावर जाऊ लागली. वाटेत भाजीवालीला मुद्दाम मोठ्यानं विचारी, “हू खात हेत?” म्हणजे ‘कसं चाललंय?’ म्हातारी म्हणे, “खाती की बाई, पोटभर!”

लढाई संपली. नवरा जिवंत सुटल्याची तार आली, आणि बाई जायला निघाली. टांगा आमच्या दाराशी थांबवून ती उतरली. आत्यानं निरोपाचं डच वाक्य सकाळपासून घोकलं होतं. ते तोंडातून निघेना. बाईच तिचा हात धरून स्वच्छ मराठीत म्हणाली, “येते हं, ताई.”

हे तिला कुणी शिकवलं, कुणास ठाऊक. आत्यानं तर नाही. टांगा वळणाआड गेला तरी आत्या दारातच उभी होती. रिकाम्या रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, “ये गं.”