टोंगळ्यातलं पाणी

दोन हजार तेरा-चौदाचा हिवाळा असावा. नवेगाव बांधजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. एका सकाळी एका माणसाने आपल्या बायकोला अक्षरशः उचलून आत आणलं. पाण्यात उतरून शिंगाडे काढणं हे तिचं काम. उजवा टोंगळा, म्हणजे गुडघा, सुजून टम्म, हात लावू देईना. अंगात ताप.

"वात हाये मनून सुई देल्ली गावात," नवरा म्हणाला. "फरकच नाई पडून राहिला जी."

"काही टोचलं होतं का?" मी विचारलं.

"शिंगाड्याचा काटा गेल्ता," ती कण्हत म्हणाली. "त्याले का होते?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. सांध्यात पू झाला असेल तर थांबून चालत नाही, सांधा आतून खराब होतो. पण खात्री कशी करायची? तपासणी नागपूरला, रिपोर्ट यायला काही दिवस. तेव्हा एका मित्राने फोनवर सांगितलेलं आठवलं: लघवी तपासायची पट्टी सांध्यातल्या पाण्यालाही चालते. पांढऱ्या पेशी भरपूर असतील तर एक चौकोन जांभळा होतो. संधिवाताच्या दोन-तीन म्हाताऱ्यांवर मी ते करून पाहिलं होतं. त्यांच्या सांध्यात पू नव्हताच; प्रत्येक वेळी चौकोन फिकाच राहिला होता.

टोंगळ्यात सुई घातली. पहिलं पाणी रक्ताळलेलं आलं. लाल रंगात पट्टी काय वाचणार! सुई किंचित वळवली, सिरिंज बदलली. आता गढूळ, पिवळट पाणी आलं. थोडं नागपूरसाठी निर्जंतुक बाटलीत भरलं आणि एक थेंब पट्टीवर सोडला.

"मॅडम, ये तो पेशाब की पट्टी है ना?" आमची गोंदियाची सिस्टर चकित झाली.

"बघ तर!"

आम्ही दोघी पट्टीवर वाकलो. आधी काहीच नाही. मग कडेने फिकट जांभळी छटा, आणि बघता बघता अख्खा चौकोन पिकल्या जांभळासारखा गडद!

"हो गया!" सिस्टर ओरडली. मीही ओरडले असेन. ज्याच्यासाठी दिवसच्या दिवस वाट पाहिली असती, ते डोळ्यांदेखत समोर आलं होतं. लगेच मी गोंदियाच्या हाडाच्या सर्जनना फोन लावला.

"पट्टीवरून सांगतेस?" ते म्हणाले.

"पट्टी, ताप, काटा, सगळं मिळून सांगते, सर."

"मग लगेच पाठव."

अँब्युलन्स निघाली. संध्याकाळी त्यांचाच फोन आला: "पू होता. सांधा धुऊन काढलाय. वेळेवर आली." मी खुर्चीतून उठून सिस्टरला मिठीच मारली. पुढे नागपूरच्या रिपोर्टातही जंतू निघाले.

काही आठवड्यांनी ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. टोंगळा पुरता वाकत नव्हता अजून, पण चालत होती. मागून नवरा आला आणि त्याने धोतर वर सारून स्वतःचा टोंगळा पुढे केला.

"माह्या टोंगळ्याले बी ते पट्टी लावून पाहा न जी!"

"त्यासाठी आधी सुई टोचावी लागते," मी म्हणाले.

त्याने झटकन धोतर खाली सोडलं. "मंग राहू द्या," तो म्हणाला, आणि ती खळखळून हसली.