डिंभ्याचा कुडा

जुन्नर-आंबेगावात माणसांपेक्षा झाडांच्या साली जास्त ओळखणारी बाई एकच झाली, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. मुलीच्या लग्नात मी कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी होते. ही माझ्याकडे न बघता सरळ मांडवाच्या मेढीकडे गेली, नखाने साल खरवडली, तोंडात टाकली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "इहीणबाई, ही उंबराची न्हाई. करंजाची हाय." आमच्याकडे मुहूर्तमेढ उंबराचीच लागते. ज्या भाऊबंदाने ती तोडून आणली होती तो गोठ्यामागे जाऊन बसला. दुसरी मेढ रोवेपर्यंत अक्षता थांबल्या. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या.

ती डिंभ्याची, आम्ही बोरीचे. साल काढायच्या तिच्या तऱ्हा होत्या. उगवतीच्या अंगाची, चार बोटं रुंद, एवढीच घ्यायची. खोडाभोवती वेढा घालायचा नाही, नाहीतर झाड मरतं. जखमेवर शेणमाती लिंपायची. आणि आधी झाडाशी बोलायचं, "वाईच घेते रं, रागवू नगं." नवऱ्याशी तिला इतकं गोड बोलताना मी कधी ऐकलं नाही. तो खोकला की ही खैराची साल उकळायला ठेवायची, म्हणून तो बिचारा परसात जाऊन खोकून यायचा.

एकदा कॉलेजातले एक मास्तर तिच्याकडे पिशव्या घेऊन आले. म्हणाले, "आजी, कुड्याच्या सालीत अल्कलॉइड नावाचं द्रव्य असतं. त्यानेच हगवण थांबते."

"असंल की. पर कोणच्या महिन्यात असतं?"

मास्तरांनी तो प्रश्नच वहीत उतरवून घेतला.

"पावसाळ्यात साल पानचट आसती, राव. शेंगा वाळल्याव या." ते खरंच पुन्हा आले.

मला आव होऊन ताप चढला होता तेव्हा तिने हीच साल उगाळून ताकातून पाजली. डॉक्टरच्या गोळ्याही चालू होत्या, त्यामुळे बरं कशाने वाटलं ते मी छातीठोक सांगणार नाही. पण मी उठून बसेपर्यंत ती उशापासून हलली नाही, हे खरं.

ती साल एकाच कुड्याची असायची. त्यांच्या वावराखाली, नदीच्या उतारावर तो होता. दुसरा कुडा तिला पसंत नव्हता. डिंभ्याला धरण झालं, त्यात पाणी अडवायला लागले आणि तो उतार बुडणार हे ठरलं. घरातले जमिनीचं बोलत होते, ही कुड्याचं. तिने त्याच्या शेंगा गोळा केल्या, डालड्याच्या डब्यांत रोपं केली आणि एसटीने आमच्याकडे निघाली. कंडक्टर म्हणाला, "मावशे, ही बाग मांडीवं घे, मागं माणसं हायेत." घरात आल्यावर पाणीसुद्धा न पिता मला म्हणाली, "लगनात मी मानपान मागितला न्हाई. आता बांध मागते."

दिला. चारांतलं एक रोप जगलं. तिकडे जुना कुडा पाण्याखाली गेला. बांधावरचा हा हाताएवढा जाड झाल्यापासून ती दरसाल यायची, टवका काढून चावायची आणि थुंकायची. "न्हाई. गोड हाय."

मी म्हटलं, "आमची काळी जमीन, कॅनॉलचं पाणी. लाडावला असंल."

"मग पाणी तोडा त्याचं. हाल झाल्याबिगर कडू व्हायचा न्हाई."

मी पाट वळवला. त्या अंगाचे कांदे वाळले. मुलगा ओरडला, "आये, एका झाडापायी कांदं मारायचं का?" म्हटलं, मारायचे.

शेवटच्या वेळी आली तेव्हा तिच्या तोंडात दात नव्हते. मी साल दगडावर ठेचून दिली. डोळे मिटून तिने ती कितीतरी वेळ जिभेवर धरली. "आलंय थोडं. अजून दोन सालं जाऊ दे. मी हो म्हनल्याबिगर कुनाला देऊ नगंस."

दोन वर्षं तिला मिळाली नाहीत.

आता शेंगा वाळल्या की मीच बांधावर जाते, उगवतीच्या अंगाची साल चावते. तोंड वाकडं होतं इतकी कडू लागते. पण डिंभ्याची साल मी तापात प्यायले होते, तिची चव मला आठवत नाही. मुलगी माहेरी आली की विचारते, "आये, आला का तसा?" मला काय ठाऊक? ज्या जिभेला ठाऊक होतं ती गेली. गावातली माणसं साल मागायला येतात. मी अजून कुणाला दिलेली नाही.