आईच्या पित्ताशयाचा रिपोर्ट

"गॉल ब्लॅडरच आहे ना, ठेव तिकडे. खडेवाल्यांना कसली घाई," लॅबच्या काउंटरमागची बाई शेजारच्या मुलीला म्हणाली.

मी समोरच उभी होते, हातात आईचं पित्ताशय घेऊन. मुलुंडच्या ज्या छोट्या नर्सिंग होममध्ये तिचं ऑपरेशन झालं, तिथे काढलेला अवयव नातेवाइकांच्याच हाती देतात. लॅबमध्ये आपणच पोचवायचा. फॉर्मॅलिनने भरलेली प्लास्टिकची बरणी, वर आईच्या नावाचं लेबल. रिक्षात ती मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. वळणावर आतलं हलायचं आणि मी बाहेर बघायचे.

"आठ दिवसांनी या," बाई म्हणाली. फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे सगळीकडे माझाच नंबर असतो.

खडे सर्जननी वेगळ्या बाटलीत दिले होते. आईने ती बाटली टीव्हीपाशी ठेवली आणि येईल त्याला दाखवली. "बघ गो, एवढी खडी पोटात घेऊन तीन जिने चढत होते मी."

"कानातले कर त्यांचे," शेजारच्या काकू म्हणाल्या. "दोन तरी सारखे निघतील."

"हसवू नको गो मेले, टाके दुखतात," म्हणत आई हसतच राहिली.

खडे डोळ्यांनी दिसले, दुखणं थांबलं, म्हणजे विषय संपला. रिपोर्टची आठवण फक्त मला होती. पण काउंटरवर जाऊन बोलायचं मी उद्यावर ढकलत राहिले. त्या दिवसांत एका लँडलाइनवरून फोन येत होते, मोबाइलवरूनही. अनोळखी नंबर मी उचलत नाही. वाजायचा थांबेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसते आणि मग फोन पालथा ठेवते.

चौथ्या आठवड्यात गेले. नाव सांगताच पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"तुम्ही मुलगी ना त्यांची? अहो, किती फोन केले आम्ही! तुमच्या सर्जननीसुद्धा केले."

त्यांनी मला आत बसवलं. पित्ताशयाची भिंत एका ठिकाणी नुसती जाड वाटली होती, म्हणून तिथले जास्त तुकडे कापून त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितले. तिथे कॅन्सर होता, आणि तो पसरत भिंतीतल्या स्नायूच्या थरापलीकडे गेला होता. अजून एक ऑपरेशन लागेल, मोठं, लिव्हरचा थोडा भागही काढावा लागेल. त्या हळू बोलत होत्या. मी विचारलं, या आठवड्यांनी फरक पडला का? त्या म्हणाल्या, "उद्याच सर्जनना भेटा." एवढंच.

घरी आई कोथिंबीर निवडत बसली होती.

"आणलास? वाच. इंग्रजी शाळेत कशाला घातलं तुला?"

बँकेची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, औषधांचे कागद, सगळं मीच तिला मराठीत सांगते. तिला त्रास होईल ते गाळून सांगते, आणि ती खोदून विचारत नाही. सूज होती म्हटलं असतं, तर तिने पुढची जुडी घेतली असती.

"बोल की. बांगडे तळून खाऊ का आता, तेवढं तरी सांग."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. रिपोर्ट उघडलाच नाही.

"आई, त्यात कॅन्सर निघालाय. हे सांगायला ते लोक दोन आठवडे फोन करत होते. मी उचलले नाहीत."