टबात घातलेली मांडी

दोन हजार सहा साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या साली पोळ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बारा-एकच्या सुमारास, मी मेलो. म्हणजे गावाचं तसं म्हणणं होतं. मी तिथंच होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

भांडण न्हाणीवरून होतं. माझ्या पोरानं, दिनकरनं, घरामागं पक्की न्हाणी बांधली. वर पाण्याची टाकी, आत नळ, दाराला आतून कडी. (तोवर आम्ही अंगणात तुराट्यांच्या आडोशाला धोंड्यावर बसून न्हात होतो आणि घरात कोणी मळकं राहिलं नव्हतं.) दिनकर म्हणे, शॉवर बसवू. मी म्हटलं, टब!

टब मी पाहिला होता. जवानीत पुसदच्या एका जिनिंगवाल्या शेटकडं कापसाची बंडी घेऊन गेलतो. बंगल्याच्या मागच्या खिडकीतून दिसला. पांढराशुभ्र टब आणि त्यात डोळे मिटून आडवा पडलेला शेट! मी उन्हात उभा, कापूस उन्हात उभा, बैल उन्हात उभे, आणि हा माणूस पाण्यात निजलेला. तेव्हाच ठरवलं, मरायच्या आधी एकदा असं न्हायचं. मी तिसरी नापास माणूस. फार गोष्टी ठरवत नाही. पण ठरवली की ठरवली.

पुढं कापसाचे दिवस फिरले. शेटचं जिन बंद पडलं, बंगला पाडायला काढला आणि दारं-खिडक्यांबरोबर टबही विकायला निघाला. मी बंडी जुंपली.

बंडी गावात शिरली तसा बापूराव, माझा लहानपणचा दोस्त, पारावरून ओरडला, "काहून बे, बैलायले पाणी पाजाले डोण आणली का?"

"न्हाण्यासाठी आहे."

"बैलायच्या?"

"माह्या!"

पारावरची माणसं हसून हसून आडवी झाली. घरी कौसल्या, म्हणजे आमची मंडळी, कमरेवर हात ठेवून उभीच होती. "आडवं पडून तर मेल्यावर आंघोळ घालतेत. जित्या माणसाले हे सोंग कायले पाह्यजे?"

आणि दिनकरनं काय करावं? टब बसवला, पण त्याच्या डोक्यावर शॉवरही बसवला! "तुमी टबात न्हा बाबा, आमी शॉवरखाली न्हातो."

माझ्या टबावर शॉवर? मी भर अंगणात जाहीर केलं, "हे तोटी निघेपर्यंत मी तुह्याशी अन् सुनेशी बोलणार नाई!" आणि तीन दिवस बोललो नाही. जेवायला वाढलं तर जेवायचो, पण शब्द नाही.

मंगळवारी दिनकर वावरात फवारणीला गेला, कौसल्या शेजारी गेली. घरात एकटी सून, सुनंदा. मी नळ पुरा सोडला, गुडघ्याच्या तेलाची बाटली घेतली, कडी लावली आणि अंगावरचं सगळं काढून ठेवलं. (शेटच्या अंगावर काही नव्हतं. मी नीट पाहिलं होतं.)

आता इथं माझी चूक झाली. आडवं पडायला जीव धजेना. मला पोहता येत नाही! म्हणून मी पाटावर बसतो तसा टबात मांडी घालून बसलो. टब वर रुंद, खाली निमुळता. दोन्ही गुडघे दोन्ही भिंतींना जाऊन असे बसले, जशी कुऱ्हाडीत पाचर. माझ्या ध्यानात आलं नाही. मी निवांत अंगभर तेल चोपडलं आणि मग उठायला गेलो.

उठता येईना!

हात काठावर टेकवला की सटकन घसरे. गुडघे हलेनात. पाणी जायचं बूच माझ्याच बुडाखाली. नळ पायांकडच्या भिंतीवर, हाताच्या दोन वीत पलीकडं, आणि धो-धो चालू! पाणी बेंबीवर आलं, मग बरगड्यांवर. टबाचा काठ माझ्या छातीशीच संपतो, पाणी त्यावर चढणार नाही, हे मला बाहेर उभं असताना माहीत होतं. आत बसल्यावर पार विसरलो. गार पाण्यात मला घाम फुटला.

तेवढ्यात बाहेरून आवाज. "मामाजी, झालं का? जेवाले वाढू?"

काय बोलू? एक तर अबोला. त्यात सुनेला काय सांगायचं, की बाई, मी नागडा अडकलो? दिनकर येईपर्यंत गप बसायचं ठरवलं.

"मामाजी? ... मामाजी, आयकून राह्यले ना?"

मी गप.

आता तेलाच्या बाटलीचं सांगतो. आमच्या घरी बाटली फेकत नाहीत. गुडघ्याचं तेल फवारणीच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत होतं. कोनाड्यात तशा दोन बाटल्या असायच्या, एक तेलाची आणि एक खरी. खरी दिनकर सकाळीच वावरात घेऊन गेलता. हे सुनंदाला माहीत नव्हतं. तिनं कोनाडा पाहिला. रिकामा.

त्या दोन वर्षांत आमच्या गावात दोन दारं तोडावी लागली होती. दोन्ही वेळा आतून कोणी ओ दिली नव्हती.

सुनंदा ओरडत रस्त्यावर धावली. मग पावलं, पावलं, पावलं! अख्खी गल्ली आमच्या अंगणात. मला कानानं माणसं ओळखू येत होती. अर्ध्या गावासमोर आपलं हे ध्यान उघडं पडणार, या भीतीनं मी ओठ घट्ट दाबून बसलो.

"देवमाणूस होता," बापूराव रडत म्हणाला. "माहा विळा नेला तो वापस नाई केला, पण देवमाणूस होता."

होता!

तेवढ्यात दिनकर वावरातून धापा टाकत आला. दारावर धडाधड हात मारत म्हणाला, "बाबा! बाबा, शॉवर नाई पाह्यजे मले! आजच काढतो. टबच राहू द्या. तुमी म्हणान तसं. बाबा, बोला ना!"

आता खरं लिहितो, लाज वाटते तरी. पोरगा हरला म्हणून त्या पाण्यात मला घटकाभर बरं वाटलं. आणखी काय काय कबूल करतो ते ऐकावं म्हणून मी एक श्वास थांबलो. एकच.

मग गर्दी बाजूला सरकल्याचा आवाज आला. कौसल्या आली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. दाराला तोंड लावून हळूच बोलली, "अहो, तुमचा अबोला त्यायच्याशी हाये. माह्याशी तर नाई ना? मंग मले काहून ओ देत नाई?"

पाण्यानं जे केलं नव्हतं ते त्या आवाजानं केलं. मी ओ द्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना! जोर लावला तेव्हा बेडकानं द्यावी तशी ओ निघाली, आणि त्याच क्षणी दिनकरच्या खांद्यानं दार कडीसकट आत आलं.

त्यानं आधी मला पाहिलं नाही. खाली पडलेली बाटली उचलली. सकाळी आपण नेमकी कोणती नेली, हे त्याला त्या गडबडीत आठवेना. हुंगली. पुन्हा हुंगली.

"तेल," तो म्हणाला. आणि एवढा बैलासारखा पोरगा ओल्या फरशीवर बसून लेकरासारखा रडू लागला.

तीन दिवसांनंतर मी त्याच्याशी पहिला शब्द बोललो. "आधी नळ बंद कर."

चौघांनी ओढलं. तेलानं मी मासळीसारखा सुटे. "मेलेला बरा होता, धरता तरी आला असता!" बापूराव डोळे पुसत म्हणाला. शेवटी कौसल्यानं दोरीवरचं आपलं लुगडं आत फेकलं, बाकीच्यांना तोंडं फिरवायला लावली आणि टबच कुशीवर कलंडवायला सांगितला. भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड काढतात तसं मला बाहेर काढलं. अर्धं गाव दारात. माझ्या कमरेला हिरवं लुगडं.

संध्याकाळी दिनकरनं पाना आणला आणि कबूल केल्याप्रमाणं शॉवर काढून टाकला. कौसल्या जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिनकरला उठवलं. "त्या बाजूनं धर," म्हटलं. आम्ही दोघांनी टब गोठ्यात नेऊन बैलांपुढं ठेवला. (त्यांनी मांडी घातली नाही. थेट पाणी प्यायले.) मग मी म्हटलं, "बसव तुहा शॉवर." त्यानं बसवला. दाराच्या जागी पोतं लटकत होतं. मी शॉवरखाली पाट मांडला, लंगोट घट्ट बांधला आणि मांडी घालून बसलो. बाहेर कौसल्या सुपात डाळ निवडत बसली होती. दर दोन तांबे पाणी अंगावर पडलं की मी तिला ओरडून सांगत होतो, "जिता आहो! जिता आहो!"

"आयकू येते," ती म्हणाली. "कान धुवा."